आशियाई नूडल्सचं तयार किट घरी करताना: पाणी, वेळ आणि पुड्यांचा क्रम

नूडल्सचं किट उघडलं की आतून तीन गोष्टी निघतात: नूडल्स, सूप किंवा सॉसच्या पुड्या आणि वरून पेरायचं काहीतरी. चवीचं काम पुड्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते नीटच केलेलं असतं. तरीही वाडग्यात कधी गिळगिळीत गोळा येतो, कधी नुसतं खारट पाणी. कारण शोधायला गेलं तर ते बहुधा दोनच ठिकाणी सापडतं. पाणी मोजलेलं नसतं, नाहीतर तांदळाच्या नूडल्स गव्हाच्या समजून उकळलेल्या असतात.

म्हणून पहिल्यांदा किट करताना एकच शिस्त पाळा: पाकिटावर जे आणि जेवढं लिहिलं आहे तसंच करा. भाज्या, अंडं, जादा तिखट हे सगळं दुसऱ्या वेळी. मूळ चव कशी आहे हेच माहीत नसेल, तर पुढे काय बदलायचं ते कळणार नाही.

पाकीट फोडण्याआधी

आधी मागची बाजू वाचा. लिपी अनोळखी असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घ्या. भाषांतर वेडंवाकडं आलं तरी आकडे खरे असतात, आणि तुम्हाला मुख्यतः आकडेच हवे आहेत: पाणी किती मिलीलीटर, वेळ किती मिनिटं, मायक्रोवेव्ह किती वॉटचा धरला आहे आणि किट किती जणांसाठी आहे. शेवटचा आकडा बऱ्याचदा नजरेतून सुटतो. थंड कप्प्यात ठेवायच्या जपानी रामेनच्या (सूपमधल्या गव्हाच्या नूडल्स) पाकिटात सहसा दोन जणांच्या नूडल्स आणि सूपच्या दोन वेगळ्या पुड्या असतात. एका माणसासाठी दोन्ही पुड्या ओतल्या तर सूप तोंडात धरवणार नाही.

तारखेकडे नीट पाहा. जपान, कोरिया आणि चीनमधल्या पाकिटांवर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो. थायलंडच्या पाकिटावर कधी कधी बौद्ध संवत्सर छापलेलं असतं, ते ५४३ वर्षांनी पुढे चालतं. म्हणजे २५६९ दिसलं तर ते २०२६ आहे. तैवानच्या पाकिटावर ११५ असा आकडा दिसला तर तोही २०२६च, कारण तिथली गणना १९१२पासून सुरू होते. जपानमध्ये दोन प्रकारच्या तारखा असतात. ‘शोमी किगेन’ म्हणजे या तारखेपर्यंत चव उत्तम राहील, आणि ‘शोही किगेन’ म्हणजे या तारखेनंतर खाऊ नये. कोरड्या नूडल्सवर पहिली असते आणि लवकर नासणाऱ्या मालावर दुसरी. दुसरी उलटून गेली असेल तर पाकीट टाकून द्या.

मग घटकांची यादी. शाकाहारी असाल तर पाकिटावरचं भाज्यांचं चित्र पाहून निर्णय घेऊ नका. थाई आणि व्हिएतनामी सॉसमध्ये माशांचं पाणी म्हणजे फिश सॉस जवळपास गृहीतच असतो. जपानी सूपमध्ये ‘कात्सुओ’ म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, आणि तो उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) आणि सोबा यांच्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सापडतो. ‘तोनकोत्सु’ म्हणजे डुकराच्या हाडांचं सूप. लाक्सा या मलेशिया-सिंगापूरकडच्या तिखट नूडल-सूपच्या वाटणात सुकी कोळंबी आणि कोळंबीची आंबवलेली चटणी असते. काही किमचीमध्येही (कोरियाच्या आंबवलेल्या भाज्या) मासे किंवा कोळंबी असते. ॲलर्जीच्या बाबतीत गहू, सोया, तीळ, शेंगदाणे, अंडं, मासे आणि कोळंबी ही नावं शोधाच, पण बकव्हीट (कुट्टू) विसरू नका. सोबा याच पिठाच्या असतात आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते. दुसऱ्या बाजूने, ‘सोबा म्हणजे गव्हाविना’ हा समजही धोक्याचा आहे. बाजारातल्या बहुतेक सोबांमध्ये गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पूर्ण बकव्हीटच्या सोबांना ‘जुवारी’ म्हणतात, आणि ८० टक्के बकव्हीट असलेल्यांना ‘हाचिवारी’.

नूडल्स कशाच्या आहेत, यावर सगळं ठरतं

*तळून सुकवलेल्या गव्हाच्या नूडल्स.* मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये ‘चिकन रामेन’ विकायला आणलं ते याच तंत्रावर. वाफवलेल्या नूडल्स गरम तेलात सोडल्या की आतलं पाणी झपाट्याने वाफ होऊन उडतं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. गरम पाणी त्या छिद्रांतून आत शिरतं, म्हणून त्या तीन-चार मिनिटांत तयार होतात. त्याच छिद्रांमुळे त्या तितक्याच लवकर फुगून लिबलिबीतही होतात. यांत साधारण १५ ते २० टक्के चरबी असते. ती कमी करायची असेल तर नूडल्स वेगळ्या पाण्यात उकळून निथळा आणि सूपसाठी ताजं पाणी घ्या. चवीत थोडा फरक पडतो, कारण सुटलेल्या तेलाने आणि स्टार्चने सूपला येणारा दाटपणा जातो.

*हवेवर सुकवलेल्या गव्हाच्या नूडल्स.* छिद्रं नाहीत, म्हणून वेळ जास्त. पाकीट चार-पाच मिनिटं सांगत असेल तर तेवढी द्यावीच लागतात. नुसतं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवल्यास मधला गाभा पिठूळ राहतो.

*ताज्या किंवा अर्धवट ओल्या रामेन.* पिवळसर रंग आणि दाताखाली येणारा लवचीकपणा अंड्याचा असेल असं वाटतं, पण तो बहुधा ‘कानसुई’चा असतो. कानसुई म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं क्षारयुक्त पाणी. क्षारामुळे पिठातली रंगद्रव्यं पिवळी पडतात आणि ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) घट्ट होतं. पाकीट उघडल्यावर येणारा किंचित उग्र वास त्याचाच असतो. माल खराब झालेला नसतो. या नूडल्सवर स्टार्चची भुकटी चोळलेली असते. ती झटका, गुंता हाताने मोकळा करा आणि १०० ग्रॅमला किमान एक लीटर या हिशोबाने खळखळत्या पाण्यात टाका. सूप कधीही या पाण्यात करू नका. ते पाणी गढूळ, चिकट आणि क्षाराच्या वासाचं होतं.

*उदोन.* गोठवलेलं उदोन मिळालं तर तेच घ्या. घरच्या किटमध्ये त्याच्या तोडीचा पोत दुसऱ्या कोणत्या उदोनला क्वचितच येतो. ते बाहेर काढून वितळवायचं नसतं. गोठलेलं तसंच उकळत्या पाण्यात टाकून मिनिटभराने, गोळा सुटला की काढायचं. हवाबंद मऊ पाकिटातलं, फ्रीजबाहेर टिकणारं उदोन आंबूस लागतं, कारण ते टिकावं म्हणून त्यात आम्ल घातलेलं असतं. ते दोन मिनिटं उकळा आणि निथळताना गरम पाण्याने धुवा. आंबटपणा बराच जातो. पाकिटातच दाबून सोडवायला गेलात तर तुकडे पडतील. पाण्यात ४०-५० सेकंद गेल्यावर चॉपस्टिकने हळू सुटं करा.

कोरडं उदोन आणि सोमेन (गव्हाच्या अगदी बारीक नूडल्स) यांच्या पिठातच मीठ असतं, त्यामुळे उकळायच्या पाण्यात मीठ घालू नका. कोरड्या उदोनला जाडीप्रमाणे ८ ते १२ मिनिटं लागतात, तर सोमेनला जेमतेम दोन. सोमेन पाण्यात टाकून इकडे-तिकडे गेलात तर लगदाच मिळेल.

*सोबा.* चार ते सहा मिनिटं उकळा, मग वाहत्या थंड पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळून धुवा. गरम सूपमध्ये घालायच्या असल्या तरी धुवायच्याच, आणि मग पुन्हा गरम पाण्यातून काढायच्या. न धुतलेल्या सोबांवर चिकट थर राहतो आणि सूप पिठूळ लागतं.

*तांदळाच्या नूडल्स.* सर्वांत जास्त किट इथेच बिघडतात. या नूडल्समध्ये ग्लुटेनची जाळी नसते, सगळी मदार स्टार्चवर. उकळत्या पाण्यात बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आतला गाभा कच्चाच राहतो. मग कढईत टाकल्यावर त्या तुटतात आणि एकमेकींना चिकटून गोळा होतो. परतायच्या किटमधल्या, म्हणजे पॅड थाई या थायलंडच्या परतलेल्या पदार्थासारख्या ३ ते ५ मिलीमीटर रुंद नूडल्स, साध्या पाण्यात ३० ते ४० मिनिटं भिजत घाला. घाई असेल तर हाताला चटका बसेल इतक्या गरम, पण न उकळत्या पाण्यात ८ ते १० मिनिटं. बोटाभोवती गुंडाळता आली पण दाताने तोडताना मध्ये कडक लागली, की भिजणं पुरे झालं. उरलेलं शिजणं कढईत सॉसच्या पाण्यात होऊ द्यायचं. सूपच्या किटमध्ये, उदाहरणार्थ व्हिएतनामच्या फोमध्ये, भिजवल्यानंतर उकळत्या पाण्यात २० ते ३० सेकंद बुडवून सरळ वाडग्यात घ्या.

*काचेसारख्या पारदर्शक नूडल्स.* दिसायला सारख्या, वागायला वेगळ्या. मुगाच्या स्टार्चच्या बारीक नूडल्स १० ते १५ मिनिटं भिजवून एखादं-दोन मिनिटं शिजवल्या की झालं. कोरियाच्या जापचेसाठी (भाज्यांसोबत परतलेल्या नूडल्स) लागणाऱ्या ‘दांगम्यॉन’ रताळ्याच्या स्टार्चच्या असतात. त्यांना सहा ते आठ मिनिटं उकळावंच लागतं. निथळल्यावर लगेच तिळाचं तेल आणि थोडा सोया सॉस चोळा, कारण एकदा गार झाल्यावर त्या चव शोषत नाहीत. लांबी अवाढव्य असते, कात्रीने दोन-तीनदा कापा.

कोन्याकू नावाच्या कंदाच्या पिठाच्या नूडल्स पाण्यात बुडवलेल्या येतात आणि पाकीट फोडताच माशांसारखा वास येतो. धुवा, दोन मिनिटं उकळा, मग कोरड्या तव्यावर ‘चुर्र’ आवाज थांबेपर्यंत परता. तोपर्यंत सॉस घातला तर तो पातळ होऊन खाली सांडतो.

पुड्या: कोणती केव्हा

पुड्या एकदम फोडून एकत्र ओतू नका. त्या वेगळ्या बांधल्या आहेत, त्यामागे कारण आहे.

सुक्या भाज्यांची पुडी थंड पाण्यातच घाला, म्हणजे पाणी उकळेपर्यंत त्या फुगतात. मसाल्याची पूड उकळी आल्यावर; पूड घालताना पाणी एकदम उसळून वर येतं, म्हणून क्षणभर आच कमी करा. मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनची) पेस्ट गॅस बंद केल्यावर, कारण उकळल्यावर तिचा सुगंध उडून जातो. तेलाची छोटी पुडी अगदी शेवटी, वाडग्यात. तिच्यातला लसणाचा, तिळाचा किंवा मिरचीचा वास गरम सूपच्या वाफेबरोबर नाकापर्यंत यावा यासाठीच ती असते. कपातल्या जपानी नूडल्सच्या द्रव पुडीवर ‘नंतर घाला’ अशी सूचना असते. ती पुडी झाकणावर ठेवून तीन मिनिटं गरम होऊ द्या, म्हणजे गोठलेली चरबी वितळते आणि सगळी बाहेर येते. आधी घातली तर तेलाचा थर नूडल्सना पाणी शोषू देत नाही.

लाक्साचं किंवा थाई करीचं वाटण याला अपवाद आहे. ते पाण्यात कालवायचं नसतं. मोठा चमचाभर तेलात मंद ते मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं परता. कडेने लालसर तेल सुटलं आणि कच्चा वास गेला की मगच पाणी किंवा नारळाचं दूध. कोरियाच्या ‘जजांगम्यॉन’ या काळ्या सॉसच्या नूडल्ससाठी पुडीत काळी ‘चुनजांग’ पेस्ट आली असेल तर तीही आधी तेलात परता, नाहीतर कडवट राहते. तयार काळा सॉस आला असेल तर फक्त गरम करा.

आत एखादी ‘खाऊ नका’ लिहिलेली छोटी पुडी असू शकते. ती ऑक्सिजन किंवा ओलावा शोषणारी असते. ती आधीच बाजूला काढा.

सूपचं किट: टप्प्याटप्प्याने

ताज्या नूडल्सच्या रामेनचं किट धरून सांगतो, दोन जणांसाठी. दोन पातेली लागतात. एकात भागवायला गेलं की वेळ चुकते.

१. मोठ्या पातेल्यात अडीच लीटर पाणी नूडल्ससाठी चढवा. दुसऱ्या पातेल्यात सूपसाठी पाकिटावर असेल तेवढं पाणी, साधारण एका वाडग्याला २५० ते ३०० मिलीलीटर.

२. वाडगे गरम पाण्याने भरून ठेवा. थंड, जाड वाडग्यात सूप ओतताच कोमट होतं आणि वरची चरबी गोठते.

३. वर ठेवायचं सगळं आत्ताच कापून, शिजवून हाताशी ठेवा. नूडल्स शिजल्यावर कुणासाठी थांबत नाहीत.

४. नूडल्स मोकळ्या करून खळखळत्या पाण्यात टाका आणि घड्याळ लावा. बारीक असतील तर एक ते दोन मिनिटं, जाड असतील तर तीन-चार. पाकिटावरच्या वेळेच्या १५-२० सेकंद आधी एक नूडल चावून पाहा. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा कडकपणा हवा, कारण सूपमध्ये त्या शिजतच राहतात.

५. वेळ संपायला ३० सेकंद असताना वाडग्यातलं पाणी फेका, सूपची पुडी तळाशी पिळा आणि उकळतं सूपचं पाणी ओतून ढवळा.

६. नूडल्स चाळणीत काढून जोरात झटका, तीन-चारदा. चाळणीत राहिलेलं पाणी सूप पातळ करतं. ‘किटला चवच नव्हती’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच पाणी असतं. मग नूडल्स सूपमध्ये सोडून चॉपस्टिकने एकदा वर उचला, सरळ घडी करून खाली ठेवा आणि वरचं साहित्य मांडा.

सूपमध्येच शिजवायच्या कोरड्या किटला एकच पातेलं लागतं, पण पाणी मोजण्यात ढिलाई नको. जपानी पाकिटांना साधारण ५०० मिलीलीटर आणि तीन मिनिटं लागतात. कोरियाच्या शिन राम्यॉनला ५५० मिलीलीटर आणि साडेचार मिनिटं. एका वेळी दोन पाकिटं करताना पाणी सरळ दुप्पट घेतलं तर सूप पातळ वाटतं, कारण वाफ पातेल्याच्या तोंडातून उडते आणि पातेलं तेच असतं. म्हणून १०० मिलीलीटरच्या आसपास कमी घ्या. रुंद, उघड्या पातेल्यात उलट होतं, पाणी लवकर आटतं. कोरियात या नूडल्स शिजताना चॉपस्टिकने हवेत उचलून पुन्हा बुडवायची पद्धत आहे. बाहेरचा थर क्षणभर थंड होतो आणि जास्त चिवट राहतो. फरक दाताला कळतो.

उंचावर राहत असाल तर घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवा. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे सगळ्या वेळा वाढतात.

परतायचं किट

पॅड थाई, जपानचा याकिसोबा, इंडोनेशिया-मलेशियाचं मी गोरेंग या सगळ्यांत एक अडचण सारखी आहे: घरच्या गॅसची आच उपाहारगृहातल्या शेगडीच्या जवळपासही नसते. कढई भरली की तिचं तापमान पडतं, भाज्यांना पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी सगळं वाफवलं जातं. म्हणून दोन जणांचं किट असलं तरी एका वेळी एकाचंच करा. दुसरी खेप पाच मिनिटांत होते. हा सल्ला बहुतेक जण कंटाळा करून टाळतात, आणि तिथेच पदार्थ बिघडतो.

पॅड थाईचा सॉस चिंच, ताडगूळ आणि फिश सॉस यांचा असतो. साखर असल्यामुळे तो पटकन करपतो. कढई चांगली तापवून दोन मोठे चमचे तेल घाला. आधी टोफू किंवा कोळंबी परतून बाजूला काढा. मग बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, १५ सेकंद. निथळलेल्या नूडल्स टाका, लगेच सॉस आणि दोन-तीन मोठे चमचे पाणी. आता सतत हलवत राहा. पाणी आटलं आणि नूडल अजून कडक असेल तर पुन्हा दोन चमचे. एकदम अर्धी वाटी ओतलीत तर तळाशी चिखल होतो. नूडल्स मऊ झाल्या की त्या एका बाजूला सारा, रिकाम्या जागेत थोडं तेल आणि अंडं फोडा, अर्धवट थिजलं की नूडल्स त्यावर ओढा. टोफू परत घाला. मोड आलेले मूग आणि चायनीज लसणाची पात गॅस बंद करतानाच घाला, कुरकुरीतपणा टिकवायचा असतो. शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू ताटात.

नूडल्स चिकटून गोळा होत असतील तर कढई कमी तापलेली आहे किंवा त्या जास्त भिजल्या आहेत. तेल ओतून गोळा सुटत नाही. चमचाभर पाणी टाकून चिमट्याने उचलून उचलून सोडवा. कालथ्याने दाबलंत तर तुकडे होतील.

याकिसोबाच्या नूडल्स (नावात सोबा असलं तरी गव्हाच्या) आधीच वाफवलेल्या असतात. पाकिटाचा कोपरा कापून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर गरम केल्या तर कढईत न तुटता सुटतात. भाज्या आधी परतून काढा, नूडल्स एका बाजूने न हलवता दीड-दोन मिनिटं खरपूस होऊ द्या, मग भाज्या, शेवटी सॉस.

मायक्रोवेव्हच्या वेळेचा हिशोब असा: पाकिटावरचे वॉट गुणिले मिनिटं, भागिले तुमच्या यंत्राचे वॉट. ६०० वॉटला तीन मिनिटं लिहिलं असेल आणि तुमचं यंत्र ८०० वॉटचं असेल तर सव्वादोन मिनिटं पुरतात.

कोरडा सॉस आणि थंड नूडल्स

चापागेटी किंवा बुलदाकसारख्या कोरियन पाकिटांत ६०० मिलीलीटर पाण्यात पाच मिनिटं उकळून, आठ चमचे पाणी मागे ठेवून बाकीचं ओतून द्यायचं असतं. ते आठ चमचे मोजा. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळेच सॉस नूडल्सना धरून राहतो. सगळं निथळलं तर सॉसच्या गाठी होतात, जास्त राहिलं तर तो वाडग्याच्या तळाशी साचतो. सॉस घातल्यावर गॅसवर अर्धा मिनिट परता. बुलदाक पहिल्यांदाच करत असाल तर आधी अर्धीच पुडी घाला. तिचा तिखटपणा खरोखर तीव्र आहे आणि घातलेला सॉस परत काढता येत नाही. हात जपा, पुडी पिळल्यावर बोटं डोळ्याला लागली तर चांगलीच आग होते. सिचुआनच्या दान दान नूडल्समध्ये तिळाची घट्ट पेस्ट असते. ती आधी वाडग्यात दोन-तीन चमचे गरम नूडल्सच्या पाण्याने सैल करून घ्या. जिभेला येणाऱ्या झिणझिण्या सिचुआन मिऱ्याच्या आहेत, त्यांची काळजी नको.

थंड नूडल्समध्ये धुणं हीच खरी पायरी आहे. कोरियाच्या ‘नेंगम्यॉन’च्या ताज्या किटमधल्या नूडल्स मिनिटभराच्या आत शिजतात, मग बर्फाच्या पाण्यात, पाण्याचा गढूळपणा जाईपर्यंत चोळून धुवा. सूपची पिशवी दोन-तीन तास आधी फ्रीझरमध्ये ठेवा, किंचित बर्फाळ व्हायला हवी. व्हिनेगर आणि मोहरी ताटात बसल्यावर, ज्याच्या त्याच्या चवीने.

वरून काय घालायचं

अंडं सर्वांत फायद्याचं. फ्रीजमधलं अंडं उकळत्या पाण्यात सोडून साडेसहा मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. पांढरं घट्ट आणि पिवळं मधासारखं राहतं. एक भाग सोया सॉस, एक भाग मिरिन (तांदळाची गोडसर वाइन) आणि दोन भाग पाणी यांत सोलून चार तास ते रात्रभर फ्रीजमध्ये बुडवलं तर रामेनवर ठेवायचं अंडं तयार.

पाक चोय या चिनी पालेभाजीचे देठ नूडल्सच्याच पाण्यात मिनिटभर आधी आणि पानं शेवटच्या २० सेकंदांत. मोड आलेले मूग ३० सेकंद. टोफू सूपमध्ये जसाच्या तसा चालतो; परतायचा असेल तर कापडात गुंडाळून वजनाखाली २० मिनिटं ठेवा, नाहीतर तेलात फुटतो. सुके शिटाके मशरूम भिजवलेलं पाणी फेकू नका, सूपच्या पाण्यात मोजून धरा. पाणी सुटणाऱ्या भाज्या थेट सूपमध्ये टाकणार असाल तर ५० मिलीलीटर पाणी कमी घ्या.

मीठ, आणि उरलेलं

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असेल तर त्याला अडीचने गुणून हजाराने भागा. १,८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम मीठ, एका वाडग्यात. बरंचसं मीठ सूपमध्ये असतं, त्यामुळे सूप वाडग्यातच सोडणं हा सोपा उपाय. पुडी दोन-तृतीयांश वापरायची असेल तर चव फिकी पडते, कारण मिठाबरोबर उमामी म्हणजे भरीव, रश्शासारखी चवही घटते. ती भरून काढायला साध्या पाण्याऐवजी कोंबू या समुद्री शेवाळाचं पाणी घ्या: पाच ग्रॅम सुकं कोंबू अर्धा लीटर थंड पाण्यात किमान अर्धा तास भिजवा, मंद आचेवर गरम करा आणि उकळी येण्याआधी काढून टाका. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये उमामीमागचं ग्लुटामेट वेगळं केलं ते याच कोंबूपासून.

सूप खारट झालंच तर गरम पाणी किंवा बिनसाखरेचं सोया दूध घाला. बटाटा टाकून मीठ कमी होत नाही. सॉस गोड वाटला तर लिंबू, आणि सपाट वाटला तर मिठाआधी व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहा.

उरणार असेल तर सूप आणि नूडल्स सुरुवातीपासूनच वेगळ्या ठेवा. सूपमध्ये राहिलेल्या नूडल्स रात्रीत दुप्पट फुगतात. शिजलेल्या नूडल्स दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. शिजलेल्या स्टार्चवर बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. थंड पाण्याने धुऊन, तिळाचं किंवा साधं तेल चोळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात. तांदळाच्या नूडल्स फ्रीजमध्ये कडक आणि ठिसूळ होतात. त्यांना थेट कढईत टाकू नका. दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मायक्रोवेव्हमध्ये ४०-५० सेकंद गरम करा, पुन्हा वाकायला लागल्या की मग परता.